जंगलात तारखा नसतात: एका दुसऱ्या भागाचा प्रकरण अभ्यास

रशियन लोककथांच्या आधारे लिहिलेली ऐतिहासिक कल्पनारम्य कादंबरी जोवर खेड्यात घडते, तोवर लेखकाला मोठी मोकळीक असते. वर्षातले कित्येक महिने बर्फाखाली असलेल्या, जंगलाच्या कडेला वसलेल्या गावाला कोणी तारीख विचारत नाही. तिथल्या चुलीमागे घरभूत राहते, तळ्यात जलपरी असते आणि हिवाळा माणसाचे रूप घेऊन दाराशी येतो, हे सारे वाचक तक्रार न करता स्वीकारतो. अडचण दुसऱ्या भागात सुरू होते. कथा वाढायची तर नायिकेला गाव सोडून राजधानीत यावे लागते, आणि राजधानीत इतिवृत्ते लिहिली गेलेली असतात. तिथल्या राजाचे जन्मवर्ष ठाऊक असते, त्याच्या चुलतभावाची बायको कोण हे ठाऊक असते, तटबंदी कधी लाकडाची होती आणि कधी दगडाची झाली हेही ठाऊक असते. लोककथेला तारीख नसते आणि इतिहासाचे तारखेवाचून चालत नाही. ही दोन्ही एकाच शहरात, एकाच हिवाळ्यात नांदवण्याची जबाबदारी दुसऱ्या भागावर येते. ती एका लेखिकेने कशी पेलली, कुठे तिचा हात अडखळला आणि त्या अडखळण्यातून काय साधले, हे या अभ्यासात पाहायचे आहे.

प्रकरण कॅथरीन आर्डेन यांच्या त्रयीतील दुसऱ्या कादंबरीचे आहे. टेक्सासमधील ऑस्टिन येथे जन्मलेल्या आर्डेन यांनी शाळा संपल्यावर एक वर्ष मॉस्कोत काढले आणि पुढे मिडलबरी कॉलेजात फ्रेंच व रशियन या भाषांचा अभ्यास केला. ‘द बेअर अँड द नाइटिंगेल’ हा पहिला भाग जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, ‘द गर्ल इन द टॉवर’ हा दुसरा भाग त्याच वर्षी डिसेंबरात आणि ‘द विंटर ऑफ द विच’ हा तिसरा भाग जानेवारी २०१९ मध्ये. कथाकाळ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. पुढील विवेचनात दुसऱ्या भागाचे कथानक शेवटापर्यंत उघड होते, कारण त्याशिवाय या प्रकरणाविषयी नेमके काही बोलता येणार नाही.

पहिल्या भागाने मागे ठेवलेले

पहिल्या भागाचा कणा ‘मोरोज्को’ या लोककथेचा आहे. सावत्र आई मुलीला ऐन थंडीत जंगलात धाडते. तिथे हिमराज मोरोज्को तिला पुन्हा पुन्हा विचारतो की, मुली, तुला थंडी वाजते का. आणि गोठत असतानाही ती आदबीने नाही म्हणते, म्हणून जिवंत आणि श्रीमंत होऊन घरी परतते. आर्डेन यांनी ही मुलगी वासिलिसा, म्हणजे वास्या, हिच्या रूपाने पूर्ण वाढवली. इतरांना न दिसणारी घरभुते आणि वनभुते तिला दिसतात, आणि ती विसरली जाऊ नयेत म्हणून ती धडपडते. भाग संपतो तेव्हा वडील आणि सावत्र आई मरण पावलेले असतात आणि गाव तिला चेटकीण म्हणू लागलेले असते. लग्न किंवा मठ, याखेरीज तिसरी वाट त्या समाजात तिच्यासाठी उरलेली नसते.

दुसऱ्या भागाची अडचण इथे नेमकी दिसते. अशा मुलीला पुढे कुठे न्यायचे? ती जंगलात हिमराजापाशीच राहिली तर कादंबरी तिथेच संपते, आणि गावी परतली तर पहिलाच भाग पुन्हा लिहावा लागतो. आर्डेन यांनी तिला सोलोवेय या घोड्यावर बसवून हिवाळी वाटेवर सोडले. तिला जग पाहायचे आहे, एवढेच कारण त्यांनी दिले. एखाद्या मुलाने हे कारण सांगितले असते तर कोणाला त्यात काही वावगे वाटले नसते. वास्याच्या तोंडी तेच कारण आले की सगळी व्यवस्था दचकते. दुसऱ्या भागाचा संघर्ष लेखिकेने या एका साध्या इच्छेतून उभा केला, हा मला तिच्या रचनेतला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

वाटेत वास्याला जाळलेली गावे दिसतात. लुटारूंनी तिथल्या मुली पळवून नेलेल्या असतात. त्यांपैकी तिघींना ती सोडवून आणते आणि आसऱ्यासाठी त्रोइत्सा मठाच्या दारी पोहोचते. हा मठ खराच आहे. मॉस्कोच्या ईशान्येला सुमारे ७० किलोमीटरवर, चौदाव्या शतकात रादोनेझच्या सेर्गियस या साधूने तो स्थापन केला आणि पुढे तो रशियन ऑर्थडॉक्स पंथाचे मोठे केंद्र झाला. पळवलेल्या मुलींचा धागाही इतिहासाला धरून आहे, कारण त्या काळी क्रिमियातील काफा या, इटलीतील जेनोवाच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यातल्या बंदरात गुलामांचा बाजार भरत असे आणि रशियाच्या खेड्यांतून पकडलेली माणसे तिथे विकली जात. मठात वास्याची तिचा भाऊ साशा याच्याशी गाठ पडते. तो आता संन्यासी आहे, आणि त्याच्या सोबत मॉस्कोचा तरुण राजा दिमित्री इवानोविच आहे.

या भेटीत एक लहानसा क्षण आहे, ज्यावर पुढची सगळी कादंबरी तोललेली आहे. पुरुषी वेषातली वास्या स्वतःचे नाव वासिली, म्हणजे साशाचा धाकटा भाऊ, असे सांगते, आणि साशा ते खोडून काढत नाही. एक संन्यासी आपल्या राजासमोर, आपल्या गुरूच्या मठात उभा राहून खोटे निभावून नेतो. तो स्वतःहून काही बोलत नाही, फक्त गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्याची किंमत पुढे त्याची बहीण, त्याचा राजा आणि तो स्वतः असे तिघेही चुकवतात. वेषांतराच्या गोष्टी जगभर सांगितल्या जातात. इथे त्या वेषांतराला प्रतिष्ठित माणसाची साक्ष मिळते, आणि म्हणून पुढे उघड होणारे कपट एका मुलीपुरते राहत नाही.

इतिवृत्तातली माणसे

आता तारखांकडे वळायला हवे. दिमित्री इवानोविचचा जन्म १३५० चा. वडील इवान दुसरा १३५९ मध्ये वारल्यावर तो नऊ वर्षांचा असताना मॉस्कोच्या गादीवर आला. मॉस्को तेव्हा मंगोलांच्या सुवर्ण टोळीला खंडणी देत असे, आणि राजाने राज्य करायचे तर खानाचे फर्मान आणावे लागे. पण १३५९ नंतर त्या टोळीतच यादवी माजली, वीसेक वर्षांत अनेक खान आले आणि गेले, आणि मामाय नावाचा सेनापती पडद्यामागून सूत्रे हलवू लागला. खंडणी द्यायची की नाकारायची, आणि नाकारायची तर नेमकी कधी, हा त्या पिढीपुढचा प्रश्न होता. कादंबरीने तोच दिमित्रीच्या दरबारात ठेवला आहे. पुढे १३७८ मध्ये व्होझा नदीवर आणि ८ सप्टेंबर १३८० रोजी डॉन नदीजवळच्या कुलिकोवो मैदानावर दिमित्रीने मामायच्या सैन्याचा पराभव केला, आणि ‘दोन्स्कोय’, म्हणजे डॉनचा, ही उपाधी त्याच्या नावाला कायमची जोडली गेली.

या पार्श्वभूमीवर लेखिकेने केलेली निवड नीट पाहण्यासारखी आहे. वास्याचा भाऊ साशा हा कोणी काल्पनिक संन्यासी नाही, तो अलेक्सांद्र पेरेस्वेत आहे. परंपरा असे सांगते की कुलिकोवोच्या लढाईत सेर्गियसच्या मठातील दोन संन्यासी होते, पेरेस्वेत आणि ओस्ल्याब्या, आणि लढाई सुरू होण्यापूर्वी पेरेस्वेतचे चेलुबेय या तातार योद्ध्याशी द्वंद्व झाले, ज्यात दोघेही भाला छातीत घेऊन कोसळले. द्वंद्वाची ही हकीकत लढाईनंतर बऱ्याच काळाने रचल्या गेलेल्या ‘मामायच्या संहाराची कथा’ या रचनेमुळे प्रसिद्ध झाली. लढाईच्या जवळच्या काळातील काव्यात पेरेस्वेत आहे, पण हे द्वंद्व त्या स्वरूपात नाही. रशियात मात्र हे चित्र घराघरांत पोहोचलेले आहे, आणि वास्नेत्सोव या चित्रकाराने १९१४ मध्ये ते कॅनव्हासवर आणले. दुसऱ्या भागात चेलुबेय हा टोळीचा दूत म्हणून मॉस्कोत येतो आणि साशाच्या समोर उभा राहतो. ज्याला कुलिकोवो ठाऊक आहे त्याला हे दोघे एकाच दालनात आलेले पाहताच पुढचे सारे कळते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी हा निव्वळ एक उर्मट दूत आहे. एकाच प्रसंगाचे हे दोन अर्थ लेखिकेने कुठलेही स्पष्टीकरण न देता शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि ऐतिहासिक कादंबरीत तारखांचा इतका चांगला उपयोग मी फार कमी वेळा पाहिला आहे.

सगळीकडे मात्र एवढी काटेकोर शिवण नाही. वास्याची बहीण ओल्गा कादंबरीत सेरपुखोवच्या व्लादिमीरची पत्नी आहे. हा व्लादिमीर आंद्रेयेविच दिमित्रीचा चुलतभाऊ होता, १३५३ मध्ये जन्मला, कुलिकोवोला दबा धरून बसलेल्या तुकडीचे नेतृत्व त्याने केले आणि १४१० मध्ये वारला. त्याची पत्नी एलेना ही लिथुआनियाचा महाराजा अल्गिर्दास याची मुलगी होती. म्हणजे ओल्गासाठी लेखिकेने एका खऱ्या राणीला इतिहासातून उठवले आहे. मला हे खटकत नाही, परंतु पेरेस्वेतच्या बाबतीत इतिहासाला धरून राहणारी लेखिका इथे त्याला सहज बाजूला करते, हे नोंदवायला हवे. पेरेस्वेतच्या पूर्वायुष्याविषयी इतिवृत्ते जवळजवळ मौन बाळगतात, म्हणून तिथे कल्पनेला जागा होती. एलेनाच्या बाबतीत तशी जागा नव्हती, आणि म्हणून ती करावी लागली.

तेरेम

कादंबरीचे नाव ज्या मनोऱ्यावरून आले आहे, त्याला रशियनमध्ये तेरेम म्हणतात. मराठी वाचक हा शब्द जनानखाना या अर्थाने वाचेल, आणि पाश्चात्य वाचकही तो हरम या शब्दाशी जोडत आला आहे. तेरेम आणि हरम यांचा मात्र शब्द म्हणून काहीही संबंध नाही. तेरेम हा ग्रीकमधून आलेला जुना शब्द आहे, घराचा उंच, वरचा भाग या अर्थाचा, आणि लोककथांमध्ये राजकन्या ज्या उंच खिडकीत बसते ती तेरेमचीच खिडकी असते. मॉस्कोच्या उच्चकुलीन स्त्रियांना वरच्या मजल्यावर, परपुरुषाच्या नजरेपासून दूर ठेवण्याची प्रथा आपल्याला मुख्यतः सोळाव्या आणि सतराव्या शतकातील पुराव्यांतून दिसते. हाब्सबर्ग सम्राटाचा दूत हेर्बरश्टाइन १५१७ आणि १५२६ मध्ये मॉस्कोला जाऊन आला, आणि १५४९ मध्ये छापलेल्या त्याच्या वृत्तांतात तिथल्या स्त्रियांच्या बंदिवासाचे वर्णन आहे. क्रेमलिनमधील तेरेम राजवाडा १६३५-३६ चा आहे. पुढे पीटर पहिल्याने १७१८ मध्ये स्त्री-पुरुषांच्या एकत्र मेळाव्यांचा हुकूम काढला, तेव्हा हे दरवाजे उघडू लागले.

दिमित्रीच्या चौदाव्या शतकासाठी असा पुरावा नाही. उलट त्याआधीचा काळ वेगळेच काही सांगतो. वायव्य रशियातील नोव्गोरोद शहरात १९५१ पासून उत्खननात भूर्जसालींवर कोरलेली पत्रे सापडत आहेत, त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे, आणि त्यांत स्त्रियांनी लिहिलेली पत्रेही आहेत. अकराव्या शतकाच्या अखेरच्या एका पत्रात एक स्त्री आपल्या प्रिय माणसाला विचारते की, मी तीनदा निरोप पाठवला, या आठवड्यात तू का आला नाहीस, तुझ्या मनात माझ्याविषयी काय वाईट आले आहे? सालीचा हा तुकडा फाडून गाठ मारलेल्या अवस्थेत सापडला. ही गाठ कोणी आणि कोणत्या रागाने मारली असेल, याचा विचार मनातून जात नाही. अशा स्त्रियांच्या नातींना दोन-तीनशे वर्षांत मनोऱ्यात डांबले गेले असेल तर ते कसे आणि कोणी, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ही प्रथा बिझान्टियमकडून, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याकडून आली, किंवा मंगोलांकडून आली, अशी दोन्ही स्पष्टीकरणे दिली गेली आहेत, आणि दोन्हींवर गंभीर आक्षेप आहेत.

म्हणजे या कादंबरीत तीन वेगवेगळ्या काळांतली घड्याळे एकत्र चालतात. राजकारण चौदाव्या शतकाचे आहे, मनोरा सोळाव्या-सतराव्या शतकाचा आहे, आणि लोककथा ज्या रूपात लेखिकेला मिळाल्या ते रूप एकोणिसाव्या शतकाचे आहे, कारण अलेक्सांद्र अफानास्येव यांनी सुमारे सहाशे कथांचा आपला संग्रह १८५५ ते १८६३ या काळात छापला आणि त्यातला मोठा भाग त्या शतकातील शेतकऱ्यांच्या तोंडून टिपलेला होता. काटेकोर इतिहासाच्या दृष्टीने हा दोष आहे. तरीही मनोऱ्याला दीडेकशे वर्षे मागे ओढल्याशिवाय हा दुसरा भाग उभा राहिला नसता, असे माझे मत आहे. वास्याला मठाची भीती दाखवता येते, विवाहाची दाखवता येते, परंतु तिला न मारता, न शिव्या घालता, प्रेमाने आणि उबेत बंद करून ठेवणारी जागा दाखवायची तर तेरेमखेरीज दुसरे काही हाताशी नव्हते. ओल्गा ही त्या जागेची कैदी आहे आणि मालकीणही आहे. ती तिथून घर चालवते, मुलांची लग्ने ठरवते, दरबारातल्या बायकांची मर्जी राखते, आणि वास्या पुरुषी कपड्यांत तिच्या दारी येते तेव्हा ओल्गाला आधी भीती वाटते आणि मग राग येतो. तो राग अगदी रास्त आहे. बहिणीचे पितळ उघडे पडले तर ओल्गाच्या मुलीचे, मार्याचे, लग्न कोण करणार? लेखिकेने ओल्गाला दुष्ट केले नाही, आणि वास्याला सर्वस्वी निर्दोषही ठेवले नाही.

उलट्या फिरवलेल्या कथा

‘सिवको-बुर्को’ या कथेच्या अनेक पाठांत राजकन्या उंच तेरेमच्या खिडकीत बसते, आणि जो घोड्यावरून तिथवर उडी घेईल त्याच्याशी तिचे लग्न लागते. तीन भावांतला वेडा समजला जाणारा धाकटा इवान आपल्या जादूच्या घोड्यावर बसून ती उडी घेतो. आर्डेन यांच्या कादंबरीत जादूच्या घोड्यावर मुलगीच बसली आहे, आणि खिडकीत तिची बहीण, तिची भाची आणि एका मेलेल्या बाईची अस्वस्थ छाया आहे. घोडा तोच आहे, मनोराही तोच, परंतु स्वार वर पाहतो तेव्हा त्याला बक्षीस दिसत नाही. आपण तिथे असतो तर काय झाले असते, ते दिसते. आर्डेन यांनी ही कथा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले की नाही हे मी सांगू शकत नाही, पण रशियन कथांची ओळख असलेल्या वाचकाला ती आठवल्यावाचून राहणार नाही.

दुसरी कथा कोश्चेयची. त्याला मरण नाही, कारण त्याचा जीव त्याच्या शरीरात नसतो. बुयान बेटावर ओकाचे झाड, झाडाखाली पेटी, पेटीत ससा, सशात बदक, बदकात अंडे आणि अंड्यात सुई, त्या सुईच्या टोकाला त्याचे मरण. मराठी माणसाला हे ऐकताना राक्षसाचा प्राण असलेला पोपट आठवतो, आणि ही आठवण योग्यच आहे, कारण लोककथांचे अभ्यासक या साऱ्या कथा एकाच प्रकारात मोडतात. बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर असताना त्यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने आपल्या आया अॅना लिबेराता डिसूझा यांच्याकडून दख्खनमधील दौऱ्यात ऐकलेल्या गोष्टी १८६८ मध्ये इंग्रजीत छापल्या. त्यांत पंचकिन नावाच्या जादूगाराची कथा आहे, आणि त्याचा जीव घनदाट रानातल्या एका पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात आहे. अॅनाबाईंच्या घराण्याचे नाते गोव्याशी होते. अफानास्येव यांचा शेवटचा भाग छापून पाच वर्षेही झाली नव्हती तेव्हा दख्खनच्या वाटेवर तीच कल्पना पोपटाच्या रूपात सांगितली जात होती, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. दुसऱ्या भागात हा कोश्चेय कास्यान लुतोविच या देखण्या, तांबड्या केसांच्या सरदाराच्या रूपाने दिमित्रीच्या दरबारात येतो, आणि त्याचा जीव बेटावरच्या अंड्यात नसून ओल्गाच्या मनोऱ्यात फिरणाऱ्या त्या छायेशी बांधलेला आहे. ती छाया तामारा हिची, म्हणजे वास्याच्या आजीची. कथेतले दूरचे बेट लेखिकेने उचलून नायिकेच्या बहिणीच्या घरात आणले, आणि राक्षसाचे मरण शोधायला सातासमुद्रापार जाण्याऐवजी आपल्याच घराण्याने काय लपवले ते शोधणे भाग पडते.

कास्यानजवळ एक सोनेरी घोडी आहे, जी मुळात अग्निपक्षी आहे. लोककथांमध्ये अग्निपक्षी आणि कोश्चेय सहसा वेगवेगळ्या गोष्टींत राहतात. त्यांना एकत्र आणून प्रसिद्ध केले ते १९१० मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलेल्या, स्त्राविन्स्कीच्या संगीतावरील नृत्यनाट्याने. म्हणजे इथे कादंबरीचे मूळ शेतकऱ्याच्या चुलीपेक्षा विसाव्या शतकातील नाट्यगृहाच्या अधिक जवळ आहे. लोककथेवर आधारित म्हणवणाऱ्या लेखनात असे कितीतरी धागे मधल्या कलाकृतींतून येतात. त्यात गैर काही नाही, परंतु अस्सल रशियन परंपरा असे लेबल लावताना वाचकाने जरा थांबावे.

चौथी कथा हिमकन्येची, स्नेगुरोच्काची, आणि ती ओल्गाच्या महालात बायकांच्या बैठकीत सुरुवातीलाच येते. बर्फाची मुलगी माणसांत येते, प्रेम करते आणि विरघळते. ओस्त्रोव्स्की यांनी १८७३ मध्ये यावर नाटक लिहिले आणि रिम्स्की-कोर्साकोव यांचा त्यावरील ऑपेरा १८८२ मध्ये रंगमंचावर आला. कादंबरीत ही कथा वाचताना आपल्याला वास्याची काळजी वाटते. खरे तर ती मोरोज्कोची गोष्ट आहे. माणसावर प्रेम जडले की त्याचे अमरत्व झिजू लागते, आणि हिवाळा संपत येतो तसा तो पातळ होत जातो. बर्फ बाईचे नसून पुरुषाचे आहे, हा बदल वाचकाच्या लक्षात यायला अर्धे पुस्तक जावे लागते.

शर्यत आणि आग

मास्लेनित्सा हा ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासांपूर्वीचा आठवडा. लोण्यात भाजलेली ब्लिनी खाणे, बर्फाच्या उतारांवरून घसरणे, गवताचा पुतळा जाळून हिवाळ्याला निरोप देणे, असा त्याचा थाट असतो. याच आठवड्यात वास्या सोलोवेयवरून आणि कास्यान सोनेरी घोडीवरून शर्यत लावतात. शर्यतीच्या अखेरीस कास्यान सगळ्या शहरासमोर वास्याचे स्त्री असणे उघडे करतो. त्या क्षणी दिमित्रीला दोन गोष्टी एकदम कळतात: ज्या पोराशी त्याने मैत्री केली तो पोरगा नव्हता, आणि त्याचा विश्वासू संन्यासी गेले कित्येक दिवस त्याच्याशी खोटे वागत होता. लेखिका दुसऱ्या गोष्टीला पहिलीइतकेच वजन देते, त्यामुळे प्रसंग तमाशा होत नाही. वास्याला ओल्गाच्या महालात नेऊन कोंडले जाते, आणि ज्या खिडकीकडे ती आजवर खालून पाहत होती त्या खिडकीच्या आत ती पहिल्यांदा उभी राहते.

इथून पुढे कादंबरी घाईला येते, आणि ही माझी मुख्य तक्रार आहे. ओल्गाची प्रसूती, कास्यानचा उठाव, तामाराचे रहस्य, मार्यावरचे संकट, अग्निपक्ष्याची सुटका आणि मॉस्कोची आग हे सगळे एका रात्रीत कोंबले आहे. कास्यान नेमका काय मागतो, हे समजायला वाचकाला फार थोडी पाने मिळतात. पहिल्या भागातला कोन्स्तांतीन हा पुरोहित, ज्याच्या श्रद्धेला आणि अहंकाराला इतक्या बारकाईने रंगवले होते, इथे बराच काळ कटातला मोहरा म्हणून वापरला जातो. प्रसूतीचा प्रसंग मात्र घाईतही उभा राहतो. वास्याला खोलीत मृत्यू दिसतो, म्हणजे मोरोज्कोच दिसतो, कारण तो थंडीचा आहे तसा मृत्यूचाही आहे. ती त्याला आपल्या बहिणीजवळून हाकलते. ओल्गा वाचते, बाळ वाचत नाही. ज्याच्यावर तिचा जीव आहे त्यालाच तिने दारातून परत पाठवले, आणि बदल्यात बहिणीचा रागही पदरात घेतला.

आग ही या भागातली इतिहासाशी सर्वांत जवळची गोष्ट आहे, जरी ती जादूच्या पक्ष्याने लावली असली तरी. मॉस्को लाकडाचे शहर होते. दिमित्रीचा आजोबा इवान कलिता याने १३३९-४० मध्ये ओकाच्या ओंडक्यांची तटबंदी उभारली. १३६५ मध्ये, कोरड्या उन्हाळ्यात, सर्व संतांच्या चर्चमधून पेटलेली आग वाऱ्याने पसरली आणि इतिवृत्तांच्या म्हणण्याप्रमाणे काही तासांत शहर खाक झाले. त्यानंतर दिमित्रीने १३६७-६८ मध्ये पांढऱ्या चुनखडीचा क्रेमलिन बांधायला घेतला. १३८२ मध्ये, कुलिकोवोनंतर अवघ्या दोन वर्षांनी, सुवर्ण टोळीचा खान तोख्तामिश याने मॉस्को पुन्हा जाळले. म्हणून कादंबरीतली आग कोणत्या एका तारखेची नाही, आणि लेखिकेने तशी बांधिलकी घेतलीही नाही. तिने फक्त ऋतू बदलला. उन्हाळ्याच्या दुष्काळातली आग तिने मास्लेनित्सात आणली, कारण तिला ती विझवायला बर्फ हवे होते, आणि बर्फ पाडण्याची शक्ती ज्याच्यात आहे तो ऋतू संपता संपता मावळत चालला होता. मोरोज्को आपली उरलीसुरली शक्ती वापरून हिमवर्षाव आणतो. ज्या नीलमण्याने वास्या आणि तो बांधले गेले होते तो मणी फुटतो, आणि तो नाहीसा होतो.

घरभुतांविषयी एक गोष्ट राहिली. या त्रयीत चर्चच्या घंटा वाढत जातात तशी घरभुते क्षीण होत जातात, आणि मॉस्कोत ती खेड्यापेक्षाही फिकट झालेली दिसतात. भावनेच्या दृष्टीने हे फार परिणामकारक आहे. लोकजीवनाच्या नोंदी मात्र याच्या विरुद्ध जातात. एकोणिसाव्या शतकातल्या रशियन खेड्यांतही कोपऱ्यात देवाच्या प्रतिमा असत आणि चुलीखाली घरभुतासाठी भाकरीचा तुकडा ठेवला जाई. न्हाणीघरात शेवटची वाफ तिथल्या भुतासाठी सोडून घरची माणसे बाहेर पडत. त्याच घरातली तीच माणसे सकाळी चर्चला जात. पाचशे वर्षे घंटा वाजूनही ही भुते गेली नव्हती, तर दिमित्रीच्या मॉस्कोत ती विझत का होती, याचे उत्तर दुसरा भाग देत नाही. तिसऱ्या भागात श्रद्धा आणि भुते यांना एकत्र राहू देण्याची वाट शोधली जाते, आणि ती वाट इतिहासातल्या खेड्यांच्या नोंदींशी जास्त जुळते.

दुसरा भाग संपतो तेव्हा दिमित्री वास्याला क्षमा करतो आणि साशालाही परत जवळ घेतो. शहराचा मोठा भाग जळालेला आहे, वर ताजे बर्फ पडते आहे, आणि ज्या माणसांची घरे गेली त्यांना अजून कोणी कारण सांगितलेले नाही. कोन्स्तांतीन शहरातच आहे. तिसरा भाग त्याच रात्री उघडतो, आणि जमाव ओल्गाच्या फाटकाशी येऊन ती चेटकीण आमच्या हवाली करा म्हणून ओरडू लागतो.